नैवेद्याआधीची वाटी

बोईसर, १ सप्टेंबर २०२५

बाबा,

दंडवत प्रणाम. तुम्ही तो घेणार नाही हे माहीत आहे, तरी लिहिला.

शुक्रवारी आई आणि मी तीन तास जेलच्या रांगेत होतो. मुलाखतीच्या चिठ्ठीवर दोघींची नावं होती. शिपाई आत जाऊन आला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हातारा म्हणतो, बायको एकटी असेल तर येतो." लोक माझ्याकडे बघायला लागले. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. वीस मिनिटांनी आई डोळे पुसत आली. म्हणाली, "सुकून गेले वं तुये बाबा. संध्याकायचं जेवतच नाईत."

आता पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. तरी लिहिते, कारण हे पत्र तुमच्या आधी एक साहेब उघडून वाचतात. साहेब, हे तुमच्यासाठी.

माझे वडील भगवंत मार्चपासून तुमच्या चार नंबर बराकीत आहेत. त्यांच्यावर अजून काही सिद्ध झालेलं नाही. तारापूरच्या कारखान्यात रिॲक्टर फुटला, तीन माणसं गेली. त्या रिॲक्टरचा व्हॉल्व्ह बदला असं वडिलांनी दोनदा लेखी दिलं होतं. मालक जामिनावर घरी आहे आणि त्या शिफ्टचा ऑपरेटर तुमच्याकडे. ते महानुभाव पंथाचे आहेत, उपदेश घेतलेले. एका परमेश्वराशिवाय दुसऱ्या देवतेला हात जोडत नाहीत, मांस-मासे खात नाहीत आणि दुसऱ्या देवतेला दाखवलेलं अन्न खात नाहीत. यात कुणाचा अपमान नाही. बावीस वर्षं कारखान्यात दसऱ्याची पूजा झाली. ते गेटपाशी उभे राहायचे, पेढा घ्यायचे नाहीत. सोबतचे लोक त्यांच्यासाठी नाक्यावरून वेगळी केळी आणायचे. भांडण एकदाही झालं नाही.

तुमच्याकडे बराकीत गणपती बसलाय. बसू दे. संध्याकाळचं पातेलं त्याच्यापुढे आणतात, आरती होते, मग वाढप होतं. वडील म्हणतात, पातेलं पुढे न्यायच्या आधी माझी एक वाटी काढून ठेवा. एवढंच. साहेब, एक डाव आमटी बाजूला काढायला किती वेळ लागतो? त्यांना उत्तर काय मिळालं, तर "हिंदूच ना तू? मग गणपतीचं वावडं कसलं?" रोज्याच्या महिन्यात तुम्ही पहाटेचं जेवण देता, ते योग्यच आहे. मग ज्याच्या कागदावर 'हिंदू' लिहिलंय त्याने फक्त तुम्ही ठरवाल तसंच हिंदू असायचं का? गेटवर त्यांच्या गळ्यातली पिशवी काढून घेतली, त्यात आमच्या पूजेतला विशेष होता, अवताराच्या स्पर्शाने पावन झालेला पाषाण. पावतीवर लिहिलंय, "खडा, एक नग."

बाबा, तुम्ही माझ्याशी दीड वर्ष बोललेला नाहीत. घिवलीला माझ्या मैत्रिणीच्या, उन्नतीच्या साखरपुड्यात मी मासा खाल्ला त्या दिवसापासून. चुकून नव्हे, मागून घेऊन. ते मी नाकारत नाही. पण सकाळची डाळ-चपाती देवापुढे जात नाही असं आई म्हणाली. ती तरी पोटभर खा.

राजनंदिनी


बोईसर, २३ सप्टेंबर २०२५

बाबा,

पहिलं पत्र परत आलं. पाकिटावर शिक्का आहे, 'आक्षेपार्ह मजकूर'. म्हणून या पत्रात काही आक्षेपार्ह नाही.

आई बरी आहे. पाऊस थांबत नाही. खाली रिक्षा-स्टँडवर देवीचा मंडप घातलाय आणि स्पीकर आपल्या खिडकीकडे तोंड करून ठेवलाय, त्यामुळे आई दुपारी झोपत नाही. माझी पॅकेजिंग कंपनीतली नोकरी चालू आहे. सुपरवायझर अजून मला "ओ ग्रॅज्युएट" म्हणून हाक मारतो.

आता तुमच्याकडे घट बसले असतील. गणपतीत दहा दिवस संध्याकाळचं उपाशी राहिलात, या वेळी तसं होणार नाही. मी सोय केली आहे. नऊ दिवस तुम्हाला वेगळं मिळेल. कशी केली ते आईला विचारू नका, तिला माहीत नाही.

राजनंदिनी


बोईसर, ३० सप्टेंबर २०२५

बाबा,

हे पत्र चंद्रकांता मॅडमच्या हातून येतंय. त्या पालघरच्या कोर्टात विधी सेवेच्या वकील आहेत. फी घेत नाहीत आणि त्यांच्या फायलीतलं पत्र कुणी उघडत नाही, त्यामुळे आता मला जपून लिहायची गरज नाही.

तुम्ही शुक्रवारी नळाजवळ पडलात ते आम्हाला रविवारी कळलं. दोन दिवसांनी. तेही फोनवरून नाही. आम्ही नेहमीसारख्या चौकशीला गेलो तेव्हा गेटवरच्या माणसाने वही बघून सांगितलं, "मुलाखत बंद आहे. एक महिना. शिक्षा आहे त्याला."

मी विचारलं, "कसली शिक्षा?"

"अन्नत्याग. जेल नियमात बसत नाही."

"त्यांनी अन्न सोडलेलं नाही. त्यांना खायचंय."

"मॅडम, पाच दिवस खाल्लं नाही त्याने. सलाईन लावली. खायचं असतं तर खाल्लं असतं ना?"

आई त्याला म्हणाली, "भाऊ, ते मुलुखाचे हट्टी हायेत, पन उपाशी नाई राहात. घरी भाकर टाकाले उशीर झाला तर डबे वाजोते." तो माणूस हसला. आईही हसली, सवयीने. मग तिथेच कट्ट्यावर बसली आणि रडायला लागली. मला तिच्या हसण्याचा राग आला आणि त्या माणसाचा त्याहून जास्त.

पाच दिवस दोन्ही वेळा उपाशी. पण सकाळची डाळ-चपाती तर कुठल्याच देवापुढे जात नव्हती. ती का मिळाली नाही, हे मॅडमनी विचारून घेतलं. कुणाच्या तरी अर्जावरून तुमचं नाव उपवासाच्या यादीत गेलं. यादीतल्या लोकांचं रोजचं जेवण बंद होतं आणि एकवेळ फराळ मिळतो. फराळ कुणा दानशूर माणसाकडून येत होता आणि घटापुढे ठेवूनच वाटला जात होता. म्हणजे जे एक जेवण तुमचं चालू होतं तेच बंद झालं आणि बदल्यात जे आलं ते तुम्ही खाणार नव्हतात.

तुम्ही ओरडून सांगितलं असेल. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असाल. "मी उपाशी नाई, मले जेवू द्या."

आता त्यांनी तुम्हाला एकट्याच्या कोठडीत ठेवलंय. जेवण परस्पर स्वयंपाकघरातून येतं, म्हणून निदान दोन्ही वेळचं मिळतंय. जे तुम्ही एक महिना हात जोडून मागत होतात, ते शिक्षा म्हणून मिळालं. शिक्षा संपली की परत बराक आणि पुढच्या सणाला परत तेच पातेलं. म्हणून मॅडम कोर्टात अर्ज करतायत, नैवेद्याआधी एक वाटी बाजूला काढण्याचा. तारीख तेरा ऑक्टोबर.

राजनंदिनी


बोईसर, १२ ऑक्टोबर २०२५

बाबा,

'कुणाच्या तरी अर्जावरून' असं मी लिहिलं होतं. तो अर्ज माझा होता.

उद्या कोर्टात तो बाहेर येणार आहे, जेलच्या उत्तराला जोडलेला आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

वीस सप्टेंबरला मी एकटी जेलच्या कार्यालयात गेले होते. सोबत तीन पानी अर्ज होता. त्यात घटनेचं पंचविसावं कलम होतं, पंथाची माहिती होती, सगळं होतं. तिथल्या बाबूने पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, "ताई, हे कुठल्या फायलीत लावू? असा कॉलमच नाही. उपवास असेल तर उपवास लिहा, आज यादीत टाकतो." मी म्हटलं, उपवास नाही. तो म्हणाला, "वेगळं खायला पाहिजे ना? मग तेच." मी पाच मिनिटं विचार केला असेन. मग त्याच्याच टेबलावर, त्याच्याच पेनने चार ओळी लिहिल्या. "माझे वडील नवरात्रात उपवास करतात, तरी त्यांना वेगळा फराळ मिळावा." सही केली. नावापुढे बी. ए. लिहिलं.

आपल्यात देवतेच्या नावाने उपवास करत नाहीत, हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे. शाळेत संकष्टीला मैत्रिणी डबा आणायच्या नाहीत आणि मी एकटी पोळीभाजी खायचे. तुम्हीच शिकवलं होतं, "कोणी इचारलं तर सांग, आमचा देव उपाशी ठेवत नाई." आणि मी देवीच्या नावाने तुमचा उपवास लिहून दिला. मला वाटलं, शब्द कुठलाही असो, तुमच्या हातात अन्न पडलं म्हणजे झालं. मला वाटलं, मी हुशार आहे.

त्या चार ओळींनी तुम्हाला पाच दिवस उपाशी ठेवलं.

आईला मी काल सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "तुया बाबानं तुया पदवीचा कागद शिफ्टच्या बसमधे सगळ्यायले दाखवला होता. माहीत हाय ना तुले?" एवढंच. मग माझ्या ताटात भाकरी टाकली, थोडी जोरात.

उन्नती संध्याकाळी घिवलीहून आली होती. तिला सगळं सांगितलं तर ती उसळलीच. "येक वाटी आदी काडून द्यायला त्यांच्या बापाचं काय जातं? आमच्याकडं पयलं म्हावरं देवाला दाकवतात, पन आजा दम्याचा पेशंट हाय, त्याला नाय थांबवत आमी. त्याचं ताट आदी." मग मला म्हणाली, "आनि तू गं, येवडी शिकलीस, तिकडं जाऊन खोटं कशाला लिवलंस?"

मी तुमची माफी मागते. उद्या सगळ्यांसमोरही मागेन.

राजनंदिनी


बोईसर, १४ ऑक्टोबर २०२५

बाबा,

तुम्हाला त्यांनी कोर्टात आणलंच नाही. 'पोलीस गार्ड उपलब्ध नाही.' म्हणून काय झालं ते लिहिते.

जेलच्या वकिलांनी उभं राहताच माझा अर्ज वाचून दाखवला. म्हणाले, "मुलीनेच लिहून दिलंय की वडील उपवास करतात. आम्ही त्यांच्या धर्माचा मानच राखला. फराळ दिला, तो त्यांनी नाकारला. आता म्हणतात, उपवास नव्हताच. उद्या प्रत्येक कैदी आपापला देव घेऊन आला तर स्वयंपाकघर चालवायचं की पंचांग?" मागे काही लोक हसले.

चंद्रकांता मॅडम बोलणार होत्या, पण मी उभी राहिले. मॅडमनी माझा कुडता धरून खाली ओढलं तरी उभी राहिले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही कोण?"

"अर्ज लिहिणारी. तो खोटा आहे, साहेब."

"खोटा अर्ज दिला असं कबूल करताय? समजतंय ना?"

"हो. त्यांच्या बाबूने सांगितलं म्हणून लिहिला. पण सही माझी आहे, तेव्हा चूक माझी. शिक्षा मात्र माझ्या वडिलांना झाली."

त्यांनी विचारलं, उपवास आणि हे यात फरक काय. मी बी. ए. ला राज्यशास्त्रात पहिली आले होते. घटनेवरच्या वक्तृत्वात मला ढाल मिळाली होती. तिथे त्यातलं काहीच आठवलं नाही. तुम्ही घरी बोलता तेच तोंडातून आलं. "साहेब, उपवास म्हणजे भूक देवाला देणं. माझे वडील भूक कुणाला देत नाहीत. त्यांना जेवायचंय. फक्त जे एकाला वाढून झालं, ते आपल्या देवापुढे ते नेऊ शकत नाहीत आणि देवाला न दाखवता ते घास घेत नाहीत. म्हणून आधीचं मागतात."

"तुम्ही स्वतः हे पाळता?"

वकिलांनी मान वर केली. मी खोटं बोलू शकले असते. एकदा बोलून झालं होतं.

"नाही, साहेब. मी उपदेश घेतलेला नाही. मी मासे खाते. त्यावरून वडील माझ्याशी बोलत नाहीत."

"मग इथे का आलात?"

"मला पाळायचं नाही, ते माझं मी ठरवलं. त्यांना पाळायचंय, ते त्यांनी ठरवलं. जेलच्या स्वयंपाकघराने दोघांचंही ठरवू नये."

मग न्यायाधीशांनी जेलच्या वकिलांना विचारलं, "एक वाटी आधी काढायला नेमकी अडचण काय?" वकील फाइल चाळायला लागले. न्यायाधीश म्हणाले, "फायलीत नसणार ते."

आदेश झाला. दोन्ही वेळचं जेवण, कुठल्याही पूजेच्या आधी, झाकून वेगळं. अन्नत्यागाची शिक्षा रद्द, मुलाखत सुरू. विशेषाच्या पिशवीसाठी वेगळा अर्ज करा म्हणाले, तो मॅडम करतायत. खोट्या अर्जाबद्दल मला समज दिली. ती मी घेतली.

जेवा आता.

राजनंदिनी


बोईसर, १ नोव्हेंबर २०२५

बाबा,

काल मेहुल घरी आला होता. तुमच्या बराकीतला, सफाळ्याचा, मोटरसायकल चोरीतला. जामीन झाला त्याचा. चहा ठेवला तर घेईना, दारातच उभा. म्हणाला, "काकांनी पत्ता दिलेला. काकू एकटी असते, बघून ये म्हणाले." मग बराच वेळ चपलेने फरशी घासत राहिला आणि एकदम बोलायला लागला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुमची झाकलेली वाटी शिपायाने स्वतः आणून दिली. तुम्ही आपल्या देवाला दाखवली, वरण-भात कालवला, जेवलात. वाटी रिकामी झाली तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या. "झाला की नाही प्रसाद! कोर्टाची ऑर्डर पोटात गेली का, महाराज?" पूजेतली बुंदी चुरून त्याने वरणात घातली होती. सगळी बराक हसली. मेहुल म्हणाला, "मी पण हसलो, ताई. खोटं नाय बोलत. मग काकांचं तोंड बघितलं."

तुम्ही उठलात. मग नळावर जाऊन वाटी धुतली, परत आलात आणि त्या शिपायाला म्हणालात, "तुमच्या लेकराबायचं भलं होवो." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पुन्हा जेवायला लागलात.

मला रात्रभर वाटत होतं, तुम्ही मला लिहाल. शिपायाचं नाव द्याल. आज सकाळी आई मुलाखतीहून आली ती तुमचा निरोप घेऊन. "नंदीले सांग, तक्रार नोको करू. मी त्याले माफ केलं."

दीड वर्षात तुम्ही माझ्यासाठी बोललेलं हे पहिलं वाक्य. आणि ते त्याला वाचवायला.

मी तक्रार दिली आहे, दुपारीच. मॅडमनी मसुदा केला, साक्षीला मेहुल आहे. त्याचा अजून खटला बाकी आहे, तरी त्याने सही केली. तुमची सही नाही आणि मी मागणारही नाही. माफी तुमची आहे, ती तुम्ही द्या. पण बुंदी फक्त तुमच्या वाटीत पडलेली नाही, कोर्टाच्या आदेशातही पडली आहे. उद्या कुणी पगडीचा, कुणी रोज्याचा, कुणी सूर्यास्ताआधी जेवणारा माणूस तिथे आला, की त्या शिपायाला आठवणार, मागच्या वेळी गंमत केली होती, काही झालं नव्हतं. काहीतरी व्हायला हवं.

आणि आता माझं.

ज्याने तुमच्या वाटीत हात घातला, तुम्हाला फसवलं, चारचौघांत हसला, त्याला तुम्ही वाटी धुऊन होईपर्यंत माफ केलं. मी माझ्या ताटात, माझ्या हाताने, माझ्या तोंडाला चव वाटली म्हणून मासा घेतला. तुमच्या ताटाला शिवले नाही. तुमची भांडी मीच वेगळी घासत होते, मासा खाऊन आले त्या दिवशीही. मला मात्र दीड वर्ष. त्याच्या लेकरांचं भलं होवो आणि तुमचं लेकरू जेलच्या पायरीवर.

त्या चार ओळींची माफी मी मागितली आहे, पुन्हा मागते, मरेपर्यंत मागेन. माशाची मागणार नाही. मी काहीही वाईट केलेलं नाही. तुम्हाला जबरदस्तीने खायला घालणं अन्याय असेल तर मला जबरदस्तीने न खायला लावणं काय आहे? बाबा, मी तुमच्यासाठी भर कोर्टात खोटारडी म्हणून उभी राहिले. मी मानत नाही अशा गोष्टीसाठी उभी राहिले, कारण ती तुमची आहे. माझ्यासाठी तुम्ही नुसतं काचेपर्यंत यायचंय.

येत्या शुक्रवारी चिठ्ठीवर माझं एकटीचं नाव लावलंय. आईला विचारलं, तर म्हणाली, "जाय वं, एकखेप तूच जाय. मी काऊन दरखेप मधात उभी राहू?"

नाव पुकारलं की यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. या वेळी मी पायरीवर जाऊन बसणार नाही. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन असतो, वीस मिनिटं मिळतात. समोरची खुर्ची रिकामी राहिली तरी मी फोन कानाला लावून वीस मिनिटं तिथेच बसेन.

राजनंदिनी